थोरल्या हॉटेलची पंगत

आमच्या घरात मुंबईच्या त्या हॉटेलचं नाव कुणी घेत नसे. आईच्या जिभेला ते वळत नव्हतं म्हणून ती घेत नसे, आणि आई घेत नाही म्हणून अक्का घेत नसे. दादा म्हणजे आमचे वडील. ते तर तिथं वेटर होते, पण बायका नवऱ्याचं नाव टाळतात तसं तेही ते नाव टाळत. नुसतं 'थोरलं हाटेल' म्हटलं की भागायचं. धाकटं हॉटेल म्हणजे इस्लामपूरच्या स्टँडसमोरचं, जिथं कांदाभजी मिळत आणि जिथं आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी एक कान तुटलेला कप बाहेरच्या फळीवर पालथा घातलेला असे. जगात हॉटेलं दोनच, एक थोरलं नि एक धाकटं, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. धाकट्यात आम्ही उंबऱ्याबाहेर आणि थोरल्यात दादा थेट दिवाणखान्यात. मग जग तसं काही वाईट चाललेलं नाही, असा हिशेब मी मनाशी मांडून टाकला होता.

आमचं घर साखर कारखान्याच्या रस्त्याला, वस्तीच्या टोकाला होतं. दोन खोल्या, पुढं पत्रा, मागं चूल. कारखान्याच्या भोंग्यावर आमचं घड्याळ चाले आणि गाळपाच्या दिवसांत मळीचा आंबूस वास भाकरीलासुद्धा चिकटून येई. आई दुसऱ्यांच्या रानात भांगलायला जायची, अक्का घर बघायची आणि मी शाळेत जायची. म्हणजे तशी मी जायची, पण माझं सगळं लक्ष दादांच्या सुट्टीकडं असायचं. बौद्ध झाल्यावर घरातले देव गेले होते. त्या रिकाम्या फळीवर बुद्धाची एक तसबीर होती आणि तिच्या शेजारी थोरल्या हॉटेलची एक बशी. कडेला सोनेरी रेघ, मध्ये निळा मुकुट आणि एका बाजूला कपचा उडालेला. कपचा उडालेली भांडी हॉटेल मोडीत काढतं, त्यातली ती दादांनी मागून आणली होती. त्या बशीत आम्ही कधी काही खाल्लं नाही. आई ती राखेनं घासायला गेली तेव्हा दादांनी तिच्या हातातून ती अशी काढून घेतली की जणू ती तान्ह्या पोराला दगडावर घासत होती.

दादा सुट्टीवर आले की संध्याकाळी अंगणात वस्ती जमायची आणि थोरल्या हॉटेलची कथा सुरू व्हायची. त्या कथेला सुरुवात समुद्रापासून होई. जिथं आज हॉटेल उभं आहे तिथं म्हणे पूर्वी भरतीचं पाणी यायचं. कुणा कापसाच्या व्यापाऱ्याला वाटलं, विलायतेहून बोटीनं येणाऱ्या साहेबाला उतरताक्षणी विलायत दिसली पाहिजे. मग चिखलात सागाचे सोट ठोकले, त्यावर दगड चढवला, विलायतेहून संगमरवराचा जिना आला. तो बोटीतून उतरवताना त्याची एक पायरी समुद्रात पडली, ती अजून तिथंच आहे आणि ओहोटीला दिसते, असं दादा सांगत. नाचायच्या दालनाची लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसवलेली होती. "मानूस नाचाय लागला की भुईबी नाचती," दादा म्हणत. "म्हातारीचं पाय दुखत न्हाईत त्येनं." त्यावर आई चुलीपाशी बसूनच विचारायची, "मग आमच्या भांगलायच्या रानाला बसवा की तसल्या स्प्रिंगा."

वर्षातून एकदा दालनातलं मोठं झुंबर दोरखंडांनी खाली उतरवत आणि त्याचे लोलक स्पिरिटमध्ये धूत. तेव्हा दारूबंदी होती. पाहुण्याला पेला पाहिजे असेल तर परमिट दाखवावं लागे, झुंबराला मात्र बिनपरमिटाची चाले. लढाईच्या दिवसांत त्याच दालनात गोरे सोल्जर गर्दी करून नाचायचे, आणि दुसऱ्या दिवशी बोटीत बसून मरायला जायचे. स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी एक म्हातारा साहेब सूप अर्धं टाकून उठला आणि जाताना सगळ्या वेटरांशी हात मिळवून गेला. ही गोष्ट दादांनी जुन्या वेटरांकडून ऐकलेली, पण सांगताना ते तो हात असा पुढं करत की तो त्यांच्याच हातात आला असावा. एका संस्थानिकाच्या कुत्र्याची गोष्ट मात्र त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोरची होती. त्या कुत्र्याला चांदीच्या ताटलीत खिमा लागे, आणि वाढणाऱ्यानं मान लववल्याशिवाय तो तोंड लावत नसे.

"मग तुमी लववली?" वस्तीतल्या कुणीतरी विचारलं.

"लववली की. कुत्रं राजाचं हुतं."

"आनि राजा?"

"राजा कवा बघितला न्हाई. कुत्र्यानंच सगळी कामं उरकली."

मी शाळेत सांगायची, माझे वडील राजेरजवाड्यांबरोबर जेवणाला असतात. हे खरंच होतं. फक्त राजे बसलेले असत आणि दादा उभे. एवढा तपशील मी गाळत असे. वर्गातल्या मुलींवर माझा चांगलाच रुबाब होता, आणि तो टिकवायला मी फार मेहनत घ्यायची. उताण्या पंज्यावर परात तोलत चालायचा सराव मी केला होता. मागच्या परड्यातून वाळलेल्या शेण्या आणायच्या झाल्या तरी परातीत रचून, डाव्या हातावर फडकं टाकून, पाठ ताठ ठेवून मी आणायची. चुलीपाशी वाकून आईला म्हणायची, "मॅडम, युवर शेणी." दादांनी मला तीन इंग्रजी वाक्यं शिकवली होती: येस मॅडम, नो मॅडम, सॉरी मॅडम. एवढ्यावर त्यांची मुंबईतली सगळी नोकरी निभावली होती. आईचं म्हणणं, यातलं तिसरं वाक्य त्यांनी घरी कधी वापरलेलं नाही.

पुढं निवृत्त झाल्यावर मी एकदा त्या हॉटेलात चहा प्यायला गेले होते. झुंबर अजून आहे, जिनाही आहे. वाढणारा मुलगा फार अदबशीर होता. चहा मात्र कोमट होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, दादांच्या तसबिरीला तर नाहीच नाही.

माझ्या तेराव्या-चौदाव्या वर्षी अक्काला साताऱ्याचं स्थळ आलं. मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होता. वडील त्याच्या लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेला. मामा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि सगळी बोलणी त्यांच्याच हातात. अक्काला विचारायची पद्धत नव्हती, पण आमच्या आईनं विचारलं. अक्का म्हणाली, "बघू." तिचा तो 'बघू' म्हणजे अर्धा नकारच, हे आईला आणि मला माहीत होतं. दादांना माहीत नव्हतं. त्यांना तार गेली तेव्हा ते आठवड्याची रजा काढून आले, आणि ट्रंक खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "पाव्हण्यास्नी टेबलावर जेवान द्यायचं."

आई पीठ मळत होती. तिनं मान वर केली. "आवं, पाव्हणं जेवाय येत्यात का नाटक बघाय?"

"सुभेदार हायत. मिल्ट्रीतला मानूस. त्येंला कळंल कुनाच्या घरी पोरगी मागाय आलोय."

"भाकरी-रस्सा वाढा, तरीबी कळंल."

पण दादांच्या डोळ्यांसमोर थोरलं हॉटेल उभं राहिलं होतं, आणि तसं ते राहिलं की समोरचं माणूस त्यांना दिसत नसे. त्यांनी शाळेच्या गड्याला गाठून रविवारपुरती बाकं मागून आणून अंगणात मांडली, त्यावर दाराच्या फळ्या टाकल्या, फळ्यांवर वस्तीतली धुतलेली धोतरं अंथरली. भाताच्या पेजेत बुडवून फडकी कडक केली आणि त्यांच्या घड्या घालून हंस करायला घेतले. मुंबईत त्यांचे हंस मान उंच करून बसत असतील. आमच्याकडच्या पेजेत काहीतरी उणं होतं, कारण दुपारपर्यंत सगळ्यांच्या माना पडल्या आणि टेबलावर खुडूक कोंबड्यांची रांग बसल्यासारखी दिसू लागली. जेवण ठरलं: आधी क्लिअर सूप, मग मटण करी, मग राइस, शेवटी पुडिंग. क्लिअर सूप म्हणजे आमची अळणी, मटण शिजताना मसाला पडायच्या आधी काढून ठेवलेलं मिठाचं पाणी, जे आम्ही पोरांना आणि बाळंतिणीला पाजतो. त्यात दादांनी मिरी टाकायला लावली. पुडिंग म्हणजे शेवयांची खीर. आई म्हणाली, "मग नवीन काय केलंत? नावंच बदललीत."

आणि मला त्यांनी वाढपी नेमलं. नेमलं म्हणजे काय, मीच त्यांच्या मागं लागले होते. परातीतल्या शेण्यांपासून सुरू झालेली माझी कारकीर्द आता कळसाला पोचणार होती. दादांचा जुना पांढरा सदरा मला कोटासारखा घातला, बाह्या दुमडून दुमडून कोपरापाशी दोन वळकट्या झाल्या. नियम एकच, पण तो दादांनी बजावून बजावून सांगितला: वाढायचं ते पाहुण्याच्या डावीकडनं. मी डावं-उजवं हमखास चुकायची. तेव्हा त्यांनी माझ्या डाव्या मनगटाला काळा दोरा बांधला. अक्काला पाहुणा करून बसवलं आणि पाण्यानं भरलेल्या वाट्या मी तिच्यापुढं ठेवून दाखवल्या. ती पदरात तोंड घालून हसत होती. तिच्या स्वतःच्या आयुष्याचा निकाल लागायचा होता आणि ती हसत होती, याचा मला रागच आला. मला वाटत होतं, निकाल माझा लागायचा आहे.

रविवारी दुपारी साताऱ्याची एस.टी. आली. पुढं सुभेदार, मागं मास्तर, त्यांच्या मागं आणखी दोघं-तिघं पुरुष आणि एक म्हातारी आत्या. सुभेदारांना बघून मी माझ्या बाह्यांच्या वळकट्या नीट केल्या. मिशा वर वळवलेल्या, अंगात भर उन्हाळ्यात गरम कोट, कोटावर पदकांची ओळ, हातात छडी. मास्तर त्यांच्यापुढं इतके बारीक दिसत होते की ते सुभेदारांचं सामान वाहायला आलेत असं वाटावं. वस्ती अंगणाच्या दारात गोळा झाली होती. सुभेदार आत आले, टेबल बघितलं आणि थांबले. चेहऱ्यावर हसू आलं.

"वा! एकदम ऑफिसर्स मेस."

दादांचा ऊर भरून आला. "बसा की. आमी तिथल्या सवयीनं..."

सुभेदार बसले. समोरचा चमचा उचलून त्यांनी दुसऱ्या बाजूला ठेवला. "हा इकडं असतोय."

दादांनी हसत हसत तो उचलून परत पहिल्या जागी ठेवला. "आमच्याकडं तिकडं असतोय."

इथंच खरं म्हणजे मी कोट काढून परड्यात पळून जायला हवं होतं. पण दादांनी भुवई उडवली, म्हणजे सूप आणायची खूण झाली, आणि मी आत गेले. आईनं अळणी चुलीवरून नुकती उतरवली होती. वाट्यांतून वाफा निघत होत्या. "पदरानं धरून नेऊ का मी?" आईनं विचारलं. "नो मॅडम," मी म्हणाले, आणि ताटलीत एक वाटी घेऊन ताठ मानेनं बाहेर आले. मान इतकी ताठ होती की वाटी मला दिसतच नव्हती. काळ्या दोऱ्याचा हात चाचपून मी सुभेदारांच्या डावीकडं गेले.

"ए बच्ची," सुभेदार म्हणाले, "राइट से."

मी उजवीकडं वळले. दादा खोकले. मी परत डावीकडं आले.

"राइट से, बेटा. भरलेली वाटी हाय ना? ती राइटनंच येती. मेसचा कायदा हाय."

"पाव्हणं," दादा नम्रपणे म्हणाले, "लेफ्टच असतंय. मी साऱ्या जगाला वाढलंय."

"आनि मी साऱ्या जगात खाल्लंय. इजिप्त, इटली, बर्मा."

"तंबूत खाल्लं असंल."

"कर्नलसायबाच्या टेबलामागं हुबा हुतो मी!"

"हुबा हुता न्हवं? बसला न्हवता न्हवं?"

हे चालू असताना मी सुभेदारांच्या पाठीमागून एकदा इकडं, एकदा तिकडं अशी फिरत होते. प्रत्येक फेरीला वाटी जास्त तापत होती आणि मी जास्त घाबरत होते. शेवटी दादा "लेफ्ट" म्हणाले आणि सुभेदार "राइट" म्हणत मला धरायला एकदम मागं वळले. त्यांचं कोपर ताटलीला लागलं. अर्धी अळणी पदकांवरून कोटाच्या खिशात गेली. अर्धी माझ्या पायावर.

मी "सॉरी मॅडम" म्हणाले.

दारातली माणसं हसली. त्या हसण्यानं सगळं बिघडलं. सुभेदार उभे राहिले, कोटातून वाफ निघत होती. चेहरा लाल झालेला. "उठा रं," ते आपल्या माणसांना म्हणाले. मग दादांकडं वळून, "मोठा आलाय शिकवायला. काय करत हुतास रं तिथं? लोकांच्या उष्ट्या बश्याच उचलत हुतास न्हवं?"

चुलीपाशी आई उभी राहिल्याचं तिच्या बांगड्यांवरून कळलं. दादा भांडतील असं मला वाटलं. पण ते हळू बोलले, इतके हळू की दारातली माणसं पुढं सरकली.

"व्हय. उचलत हुतो. अजून उचलतोय." मग म्हणाले, "सुभेदार, पयल्या दिवशी तिथं गेलो तवा हेड वेटरनं सगळ्यास्नी रांगंत हुबं केलं. म्हनला, हात पुढं करा. मला वाटलं, आता इचारनार, कोन हायस, कुठला हायस. माझी पाळी आली. त्येनं माझं हात धरलं. आपल्या हातात धरलं. उलटं केलं, सुलटं केलं, नखं बघितली आनि म्हनला, क्लीन. जा आत." दादांनी आपले दोन्ही हात पुढं करून बघितले. "गावात आमचं हात कुनी धरलं न्हवतं. तवापास्नं रोज सकाळी त्यो नखं बघतोय आनि रोज म्हनतोय, क्लीन. झुंबर-बिंबर मी उगंच सांगतो. मी तेवढ्यासाठी जातो तिथं."

मी आयुष्यभर त्यांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. समुद्रात पडलेली पायरी, नाचणारी जमीन, राजाचं कुत्रं. ही एक गोष्ट त्यांनी कधी सांगितली नव्हती.

सुभेदार उभेच होते. कोटातून टेबलावर थेंब पडत होते. त्यांनी छडीच्या मुठीवर बोटं फिरवली. मग म्हणाले, "मला पलटणीनं बूट दिलं. पयली सुट्टी मिळाली. टेशनपास्नं गावाच्या शिवंपर्यंत बूट घालून आलो. शिवंवर बसलो, काढलं, काखंत मारलं, आनि वस्तीपर्यंत अनवानी गेलो. अंगात वर्दी, काखंत बूट. पुढं कंपनीला कवायत शिकवनारा मानूस मी." त्यांनी कोटाचं एक बटण काढलं, मग दुसरं. "कोट लय तापलाय, पाव्हणं. एखादा सदरा असंल तर द्या."

दादांनी धावत जाऊन आपला सदरा आणला. दोघांच्या अंगलटीत फार फरक होता. सुभेदारांच्या पोटावर त्याची बटणं लागेनात.

या सगळ्या वेळात माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं, असं मी म्हणणार होते; पण ते खरं नाही. सुभेदार "उठा रं" म्हणाले तेव्हा त्यांची माणसं उठली, मास्तरही उठले. पण ते दाराकडं गेले नाहीत. ते कोपऱ्यातल्या रांजणाकडं गेले, तांब्या भरून घेतला, माझ्यापुढं खाली बसले आणि माझ्या पायावर हळूहळू पाणी ओतू लागले. वर मोठी माणसं भांडत होती आणि हा माणूस खाली मातीत बसून तांब्या ओतत होता. "भाजलं का गं लय?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "हलवू नकोस पाय. अजून एक तांब्या आणतो." त्यांच्या पायजम्याला चिखल लागला. ते परत रांजणाकडं गेले.

मग आई बाहेर आली. तिनं धोतरं ओढून काढली, फळ्या भिंतीला लावल्या, अंगणात घोंगडी पसरली आणि म्हणाली, "बसा आता खाली. खाली डावं न्हाई आनि उजवं न्हाई." तसं बघितलं तर ताटालाही डावी-उजवी बाजू असतेच, चटणी कुठं आणि भाजी कुठं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्या वेळी आईची चूक काढायची छाती सुभेदारांनाही झाली नाही आणि दादांनाही नाही. दोघं शेजारी शेजारी बसले. आईनं भाकरी दिल्या, तांबडा रस्सा वाढला. सुभेदारांनी अळणीची वाटी तोंडाला लावून एका दमात संपवली आणि परत पुढं केली. "ही मेसमधी न्हवती," ते म्हणाले. आईनं वाटी भरली. कुठल्या बाजूनं, ते मी बघितलं नाही. मी चुलीपाशी पाय पाण्यात घालून बसले होते आणि माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं.

ते भलतं आता सांगायला हरकत नाही. मला वाटलं, मास्तरांचं मन माझ्यावर बसलं. याशिवाय कुणी एवढा तांब्या भरून आणतं का? दोन दिवस मी झोपेतसुद्धा गंभीर होते. अक्काला कसं सांगायचं, तिचा संसार मोडून आपण कसा करायचा, याचा मला घोर लागला. शेवटी मी ठरवलं की त्याग करायचा. मी मोठ्या मनानं मास्तरांना अक्काच्या स्वाधीन केलं. घरात हे कुणालाही कळलं नाही, हेच त्या त्यागाचं मोठेपण होतं. अक्कानं आईला "व्हय" सांगितलं, दादांनी रजा वाढवून घेतली, सुभेदारांनी सदरा धुऊन पाठवला आणि पाऊस पडायच्या आधी अक्काचं लग्न लागलं. पांढऱ्या साडीत ती फार छान दिसत होती. मी खूप रडले. लोक म्हणाले, बहिणीवर किती जीव आहे पोरीचा.

भावजी, म्हणजे मास्तर, गेल्या वर्षी गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी साताऱ्याला गेले होते. माणसं पांगल्यावर दुपारी मी आणि अक्का तिच्या मागच्या पडवीत बसलो होतो. समोर अजिंक्यतारा उन्हात पिवळा पडला होता. अक्का मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. म्हणजे निवडून झालेले परत निवडत होती.

"त्या दिवशी मी न्हाई म्हननार हुते," ती एकदम म्हणाली.

"कुठल्या दिवशी?"

"तू त्या सुभेदारमामाला सूप पाजलंस त्या दिवशी. त्येंच्या मिशा बघितल्या आनि म्हनलं, ह्यांनी वाढवलेला ह्येंच्यासारकाच असनार. मी दाराच्या फटीतनं बघत हुते. सगळी मानसं त्या कोटाकडं बघत हुती. ह्यो एकला तुझ्या पायाकडं. तवा ठरवलं. म्हनलं, ह्या घरात आपल्याला भाजलं तर इचारनारं कुनीतरी हाय."

मग मी तिला ते सांगितलं, माझं दोन दिवसांचं प्रेम आणि तो त्याग. इतक्या दिवसांत पहिल्यांदा अक्का हसली. हसता हसता तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं आणि तांदूळ पडवीभर झाले.

"आगं येडे," ती डोळे पुसत म्हणाली, "त्येंला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"तुझा पाय आठवड्यात बरा झालता. पर लग्नानंतर सा म्हैने ते घरी आले की तू लंगडत पानी घेऊन यायचीस. एकदा तर दुसऱ्याच पायानं लंगडलीस. ते मला रातच्याला सांगायचे, तुझ्या भनीनं आज पाय बदलला."

भावजी मला दर भेटीला विचारायचे, "विमल, पाय काय म्हणतोय?" माझ्या लग्नात, मुलांच्या बारशाला, निवृत्तीच्या दिवशी. शेवटचं दवाखान्यात भेटले तेव्हा नाकात नळी होती, तरी त्यांनी बोटानं माझ्या पायाकडं खूण केली. मला वाटायचं, एवढ्या वर्षांत बरा झाला असेल हे त्यांच्या लक्षातच येत नाही. मास्तर माणूस, विसराळू.

"मग विचारायचे कशाला?" मी म्हणाले.

अक्का खाली वाकून तांदूळ गोळा करत होती. "मी म्हनलं हुतं त्येंला, आता बास करा, पोरगी म्हातारी झाली," ती म्हणाली. "तर म्हनले, असू दे. इचारलं की तिला बरं वाटतंय."